तुटक रेघा

घमापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगचा मोठा कागद एकच उरला होता आणि त्यावर एकदम दोन हात पडले. एक अंबादासचा, तोफांच्या कारखान्यात दिवसभर नकाशे काढून शाई लागलेला. दुसरा खडूनं पांढरा झालेला.

"घ्या तुम्ही," अंबादास म्हणाला. भांडायचंही त्राण नव्हतं.

"घेऊन काय करू? मला चित्र कुठं येते?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली. तिचं नाव शैलजा, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. "वर्गात चार मितींचा घन दाखवायचा आहे. लांबी, रुंदी, उंची आणि वर एक चौथी दिशा."

"अच्छा... आपली भूमिती तिथं चालते?"

"चालते ना. पायथागोरस तोच, फक्त एक वर्ग वाढतो. एक फुटाच्या चौरसाचा कर्ण काढा, दशांश संपत नाही. साध्या घनाचंही तेच. चार मितींच्या घनाचा मात्र नेमका दोन फूट."

अंबादासला हसू आलं. भागीरथा, त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून कामाशिवाय कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं.

"द्या इकडं मॅडम. मी काढतो."

मग रोज संध्याकाळी दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर ती चौकशीला यायची.

"इतके दिवस काहून लागून राहिले, अंबादासजी?"

"बत्तीस कडा आहेत, मॅडम."

"तुमची तोफ याहून लवकर होत असेल!"

चहा प्यायचा, थोडं बोलायचं, आपापल्या रिकाम्या घरी जायचं. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी, शनिवारी, बाकावर बसून तिनं चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

"माझी बदली झाली," ती म्हणाली. "मझौली. उद्या सकाळची बस."

अंबादासनं कागद उलगडला. मोठ्या घनाच्या पोटात छोटा घन, आठही कोपरे जोडलेले. शैलजा पाहत राहिली.

"आतला तुटक रेघांनी काहून काढला?"

"आमचा नियम आहे. जे आत लपलं, ते तुटक."

"पण तो आत नाही. बाहेरच्याएवढाच आहे. दूर आहे, म्हणून लहान दिसतो." तिनं बोट तिथंच ठेवलं. "आणि चौथ्या दिशेनं पाहणाऱ्याला तर आपल्या बंद पेटीतलंही दिसते, झाकण न उघडता."

"मग तिकडून कोणी पाहिलं, तर माझ्या मनातलंही..."

"त्याला दिसेल. मी तर घमापुरातूनच पाहून राहिले ना. मला सांगावं लागेल."

टपरीवाल्यानं कप उचलून नेले. अंबादासनं हातावरचा शाईचा डाग चोळला.

"चित्र तिसऱ्याच दिवशी झालं होतं," तो हळूच म्हणाला. "दिलं असतं तर तुम्ही पुन्हा आल्या नसत्या. मी थकलेला माणूस आहे, शैलजाजी. पण संध्याकाळ झाली की आता घाई होते मला... तुम्ही जाऊ नका, असं म्हणता येत नाही. पण मी तिकडं आलो तर चालेल?"

तिनं कागदाची गुंडाळी केली आणि त्याच्याच हातात दिली.

"चुकीचं चित्र मी नेणार नाही. रेघा अखंड करा आणि मझौलीला आणून द्या." पदराच्या टोकानं तिनं डोळे पुसले, मग हसली. "आता किती दिवस लावाल?"

"एक," अंबादास म्हणाला. "या वेळी एकच."