आधी संत, मग गाई

विस्तुला नदीकाठच्या वेझ्बीना गावात आल्यापासून ल्युत्सिना ग्राबेत्सचं डोकं उठलं होतं. घाटावरच्या कोनाड्यातून संत नेपोमुकची लाकडी मूर्ती नाहीशी झाली होती. तपासाला तिलाच बोलावून फादर मात्र चोरीचं सोडून गावाचा इतिहास सांगत सुटले होते. लाकडांचे तराफे, ते सुटताना संताच्या दर्शनासाठी कोनाड्याची जाळी उघडणारे नावाडी, गुरं माळ्यावर चढवायला लावलेले फळ्यांचे उतार. पूर आला की आधी संत, मग गाई, मग माणसं वर जायची.

"चोरी कधी झाली, फादर?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

गुरुवारी. दुपारी पुराच्या भोंग्याची चाचणी होती. घाबरू नका, चाचणी आहे, असं कर्ण्यावरून सारखं सांगत होते. संध्याकाळी पाहतात तर कोनाडा रिकामा. जाळीचं कुलूप शाबूत, किल्ली चर्चची झाडलोट करणाऱ्या एकट्या तेओफिलाकडे. उत्सवाआधी मूर्ती मिळाली नाही तर तिने चर्चमागची खोली सोडायची, हेही ठरून गेलं होतं.

"मग तीच," सोबतचा निवृत्त पोस्टमन ओल्गिएर्ड म्हणाला. ल्युत्सिना तेओफिलाच्या खोलीकडे वळली.

तेओफिला रडून थकली होती. "मला दुसरं घर नाही, बाई." तिचा संशय खानावळवाल्या बोगुमिलवर होता, तो मूर्ती विकत मागायचा. पण गुरुवारी दिवसभर त्याच्याकडे बारशाची पंगत होती आणि मानाच्या खुर्चीवर फादरच होते. हे त्यांना आत्ता आठवलं.

उरला घाटावरचा म्हातारा नावाडी इग्नात्सी. बोलणं त्याला कानाशी ओरडल्याशिवाय कळत नसे. त्याच्या झोपडीच्या भिंतीवर गंजक्या किल्ल्या टांगलेल्या होत्या, एकीलाच ताजं तेल होतं.

"चोर पाहिलात का, आजोबा?" ल्युत्सिना ओरडली.

"चोर नाही आला." गावाला अक्कल नाही, असं पुटपुटत तो नदीकडेच बघत होता. वर, छपराखालून कुठूनतरी बकरी ओरडली.

ल्युत्सिनाने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"ओल्गिएर्ड, बकरी कुठे आहे?"

"वर."

"माळ्यावर कशाला?"

ल्युत्सिनाने तेल लावलेली किल्ली भिंतीवरून काढली आणि इग्नात्सीकडे बोट दाखवलं.

"यांना भोंगा ऐकू आला, कर्ण्यावरचं बोलणं कळलं नाही. कोनाडा पूर्वी नावाडी उघडायचे, म्हणजे किल्ली यांच्याकडेही होती. गंजलेली किल्ली कुलपात फिरावी म्हणून तिला तेल लावलं. आधी संत, मग गाई. गाई नाहीत, म्हणून बकरी. फादर, उत्तर तुम्हीच दिलं होतंत, फक्त फार लांबण लावून."

मूर्ती माळ्यावरच्या गवतात, घोंगडीत गुंडाळलेली सापडली. फादर चिडले. सांगायचं नाही का, असं ते म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडले.

"हाका मारल्या मी. तुम्ही सगळे हात हलवून हसत गेलात." इग्नात्सीने घोंगडी पुन्हा मूर्तीवर ओढली. "माझ्या लहानपणी आलेल्या पुरात बापाने भोंगा खोटा मानला. संत खाली राहिला. बहीणही खालीच राहिली."

तेओफिलाच्या खोलीचा विषय पुन्हा काढाल तर याद राखा, असं ल्युत्सिनाने फादरांना बजावलं.

"पाणी कधी येणार?" इग्नात्सीने विचारलं.

तेओफिला त्याच्या कानाशी वाकली.

"पाणी उतरलं, आजोबा. चला, आता संताला खाली नेऊ."