पानं कोण बिघडवतं?

"पुन्हा ओळी घसरल्या!" मामा छपाईखान्यात पाय आपटत आला. "भाज्यांच्या पुस्तकात ही भोपळ्याच्या वेलाची माहिती चक्क टोमॅटोच्या चित्रावर चढलीय."

"काल मी स्वतः पानं तपासली होती," संगणकावर पानं लावणारी ऑपरेटरताई म्हणाली.

"रोज हेच ऐकतोय. आणखी एकदा असं झालं, तर उद्यापासून येऊ नकोस."

ताई खाली मान घालून पानं दुरुस्त करू लागली. तिचं घर तिच्या एकटीच्या कामावर चालत होतं.

सुट्टीला आलेल्या भाच्यांनी कान टवकारले. चष्मिशला संगणकातलं बरंच कळायचं, तर तिच्या धाकट्या भावाला, पिंट्याला, जगातल्या सगळ्यांचा संशय यायचा.

"ताईच मुद्दाम करत असणार," तो कुजबुजला. "आपण जवळ गेलो की गप्प होते."

"तू सारखा मानेवर येऊन उभा राहिलास तर मीही गप्प होईन. आधी पुरावा आण."

ताईला विचारून चष्मिशने तिच्या संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पुस्तकाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा ती एक ठसा घेऊन ठेवायची आणि दर मिनिटाला नवा ठसा त्याच्याशी ताडून पाहायची. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी ठसा बदलणार आणि घंटा वाजणार.

पानं दुरुस्त झाल्यावर चष्मिशने स्क्रिप्ट सुरू केली आणि ताई जेवायला बसली. पाळत ठेवायला पिंट्या तिच्या समोरच बसला. तिने पहिला घास घेतला आणि घंटा खणखणली.

"ताई तर इथेच आहे!" पिंट्याचा चेहरा पडला.

चष्मिशने बदललेली फाइल उघडली. ओळी पुन्हा टोमॅटोवर! त्या फोल्डरपर्यंत पोहोचणारा दुसरा संगणक एकच होता, मामाच्या केबिनमधला. दोघं तिकडे पळाली. मामा निवांत चहा पीत होता.

"मामा, आत्ता काय केलंस?"

"काही नाही. पानं नुसती पाहिली आणि बंद केली."

"बंद करताना संगणकाने काही विचारलं?"

"रोजच विचारतं, बदल साठवायचे का म्हणून. मी हो म्हणतो. नाही म्हटलं आणि ताईची मेहनत पुसली गेली तर?"

चष्मिशने कपाळावर हात मारला. मामाच्या जुन्या संगणकात पुस्तकाचा फॉन्टच नव्हता. तो संगणक त्याऐवजी दुसरीच रुंद अक्षरं वापरायचा, ओळी लांबायच्या आणि मामा तो गोंधळ रोज जपून साठवायचा.

मामाचा विश्वास बसेना. त्याने आणखी एक फाइल उघडून बंद केली, सवयीने 'हो' म्हटलं, आणि बाहेर पुन्हा घंटा वाजली. त्याने कप खाली ठेवला.

तो थेट ताईसमोर जाऊन उभा राहिला. "चूक माझी होती, बोलणी मात्र तू खाल्लीस. मला माफ कर."

 ताईने डोळे पुसले आणि आपल्या डब्यातला अर्धा भाग मुलांपुढे सरकवला.

"पोरांनो, शाबास," ती म्हणाली. "काम गेलं तर घरी काय सांगायचं, याचीच सकाळपासून जुळवाजुळव करत होते मी. आता काहीच सांगायला नको."

पिंट्याने मान खाली घातली आणि तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला.