आखणीची भिंत

एका भिंतीवर डोळ्यांच्या चौऱ्याऐंशी जोड्या. चेहरा एकही नाही.

रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीचं कँटीन. पहिल्या शिफ्टच्या आधी चारशे पोळ्या.

'यादीतील वास्तू समितीच्या परवानगीवाचून पाडता, वाढवता किंवा रंगवता येणार नाही.'

"ताई, गिऱ्हाईक म्हणतात, तुझा हात नको."

रोह्याहून पेणला जाणारी एसटी. पेणच्या अलीकडचं गडब आलं की डोळे मिटून घेणारी एक बाई.

अर्जातला पाचवा रकाना, 'अर्जदाराचे मालकाशी नाते'. कोरा.

*

हे सगळं एकाच बाईचं. द्वारकेचं.

पेणला, घरातच असलेल्या गणपतीच्या कारखान्यात ती वाढली. मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे काढायचे, म्हणजे आखणी करायची, हे काम आजोबांकडून वडिलांकडे, अण्णांकडे, आणि अण्णांकडून तिच्याकडे आलं होतं. घरचा रिवाज असा, की मोसमातली पहिली आखणी करण्याआधी मागच्या भिंतीवर एक जोडी काढून हात बसवायचा, खाली साल घालायचं, आणि मगच मूर्तीपुढे बसायचं.

अण्णा गेले ते शहाण्णव साल. धाकटा निलेश तेव्हा नववीत. आलेलं स्थळ द्वारकेने परत पाठवलं आणि ब्रश उचलला... तो पुढे सतरा वर्षं खाली ठेवला नाही!

मग २०१३. ती हिवतापाने अंथरुणाला खिळली आणि एका मोठ्या मंडळाच्या मूर्तीची आखणी निलेशने केली. डोळे तिरळे आले, भिंतीवरचेही आणि मूर्तीचेही! मंडळाची माणसं मूर्ती परत घेऊन दारात ओरडत उभी, नेमकी त्याच दिवशी मुलीकडची मंडळी घर बघायला आलेली, निलेशचं तोंड पांढरंफटक... आणि गोधडी गुंडाळून बाहेर आलेली द्वारका सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या हातून झालं. तापात होते मी."

लग्न ठरलं. आणि वर्षभरात त्याच भावाने तिला ऐकवलं, "ताई, गिऱ्हाईक म्हणतात, तुझा हात नको." तिचा त्यागच त्याने तिचा गुन्हा ठरवला! ती रोह्याला निघून गेली; भिंतीवर पुढे जोडी चढली नाही. पुढची दहा वर्षं, तव्यावरच्या प्रत्येक पोळीबरोबर, तेच वाक्य ती उलटून पालटून भाजत राहिली.

*

काशीबाईचा फोन आला. शेजारची म्हातारी, सोंडा घडवण्यात हात कुणी धरायचा नाही तिचा.

"गो द्वारके, तुझा भाऊस कारखाना पाडतोय! बिल्डर फीत लावून मोजून गेला. आन् हिकडं नगरपालिका जुन्या घरांची यादी करतेय म्हनं. कुनाला नाव सुचवायचं आसंल तर म्हैनाभर मुदत हाय."

"मी सुचवते."

"भावासाठी गो?"

"भावाच्या विरुद्ध."

रकाने भरताना तिला आत कुठेतरी गोड वाटत होतं. पाडायचं नाही. रंगवायचं नाही. पुसायचं नाही! जन्मभर तो माझ्या डोळ्यांसमोर उठेल आणि माझ्या डोळ्यांसमोर जेवेल... आणि भिंतीवरची शेवटची जोडी कुणाच्या हातची, ते एक दिवस भर माणसांत विचारलं जाईल. त्या एका दिवसासाठी तिने अर्ज केला होता. भिंत वाचली नसती तरी चाललं असतं तिला.

*

निलेशने हरकत घेतली, म्हणून नगरपालिकेची समिती पाहणीला आली. समितीच्या वास्तुतज्ज्ञ दिशा मॅडम टॉर्च घेऊन भिंतीपुढे वाकल्या होत्या.

"वन्संना दहा वर्षांनी माहेर आठवलं!" निलेशची बायको भाग्यश्री दारातून म्हणाली.

"माहेर नाय गो. भिंत आठवली."

"ह्या वरच्या आजोबांच्या, मधल्या वडिलांच्या," मॅडम लिहून घेत होत्या. "शहाण्णवपासून तुमच्या. आणि ही शेवटची, २०१३ ची? तिरळी कशी आली?"

द्वारका निलेशकडे बघत होती. केस पिकले होते त्याचे.

"मालकांना विचारा," ती म्हणाली.

तो भाग्यश्रीकडे बघेना, मॅडमकडे बघेना. "माझी हाय," तो म्हणाला. आणि मग एकदम, बांध फुटावा तसा, "त्या मूर्तीचे डोळेपन मीच काढलेले! ताईनं माझं लगीन मोडू नये म्हणून नाव घेतलं स्वतःचं... आन् मी तिलाच घालवली!"

"अहो, काय बोलता!" भाग्यश्री दारातून पुढे आली.

द्वारकेला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी पोटभर बरं वाटलं.

"म्हणून पाडायचं होतं गो ताई! दर साली चुना काढायचो, तीन भिंती व्हायच्या नि हितं आलं की हात थांबायचा. तुझ्या डोळ्यांवर चुना कसा मारू? वाटलं, दुसरं कुणीतरी पाडेल, मी सुटेन..." आणि भिंतीला कपाळ टेकून तो पोर रडावं तसा रडू लागला.

"रड," द्वारका म्हणाली. "पण भिंतीपासून लांब. ओल धरेल."

शेजारून आलेली काशीबाई पदर तोंडाला लावून हसली की रडली, कळलं नाही.

"मॅडम, हरकत मागं घेतो. पण एवढी एक जोडी पुसू द्या!"

"आता काहीच पुसता येणार नाही. यादीत तीही जाईल."

"जाऊ दे," द्वारका म्हणाली. "हाच माझा सूड. रोज बघ तिच्याकडं..." पदराने त्याचं तोंड पुसत ती पुढे म्हणाली, "आन् उद्यापासून माझ्यापुढं बसून शीक. चाळिशी उलटली मेल्या, अजून डोळे सरळ येत नाहीत तुला!"

त्याने तिचे पाय धरले. तिने सोडवून घेतले नाहीत.

मॅडमनी अर्ज पुढे केला. "पाचवा रकाना राहिलाय."

द्वारकेने लिहिलं, 'थोरली बहीण.'

*

२०१३ साली, त्या दुपारी, अंगात एकशेतीन ताप असताना ब्रश द्वारकेनेच निलेशच्या हातात दिला होता. ते भर माणसांत कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.