झेंड्यातली वेणी

चोइजिल म्हाताऱ्यासमोर फौजेचं कौतुक करायची सोय नव्हती. त्या रात्री कॅम्पवरची पोरं त्याच्या गेरमध्ये, नमद्याच्या गोल तंबूत, चुलीभोवती बसली होती. दिवसभर पाहुण्यांसमोर खोट्या लढाईत घोडे पळवून दमली होती. अंगावर अजून रंगवलेल्या प्लास्टिकची चिलखतं तशीच. खारट चहाचा घोट घेत ओत्गो म्हणाला, "काही म्हणा आजोबा, आपल्या घोडदळानं अर्धं जग लोळवलं."

"तू लोळवलंस? सकाळी तुला लगाम चढवता येईना, घोड्यानं हात चावला."

बाकीची पोरं खिदळली.

"मी नाही हो, पण फौजेनं तर..."

"फौज म्हणजे काय रे? घोडा एकाचा, पोरगं दुसऱ्याचं, आणि पुतळा तिसऱ्याचा. इथंच नाही, सगळ्या मुलखांत हेच. खान आले, बादशहा आले, लाल चांदणीवाले आले. घोडे मागायला सगळे दारात. परत आणून द्यायला एकसुद्धा मेला आला नाही." म्हाताऱ्यानं चुलीत वाळलं शेण सरकवलं. "माझ्या धाकट्या बहिणीच्या, दुल्माच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ऐकायचं तर ऐका, नाहीतर जाऊन झोपा."

कुणी उठलं नाही.

मागच्या सप्टेंबरची वीस तारीख, शनिवार. अमावस्येची आदली रात्र. दुल्मा खिंडीच्या अलीकडे एकटीच होती. नवरा मागेच गेलेला, पोरगा गाल्बा खिंडीपलीकडे बान्झारच्या कॅम्पात सैनिक झालेला. सैनिक म्हणजे तुमच्यासारखाच, संध्याकाळी मरायचा आणि जेवायला उठायचा. वारा सुटला म्हणून तिनं छताच्या कड्यातून लोंबणारा दोर खाली ओढला, गेर उडू नये म्हणून पेटीला बांधायला. दोराला गुंडाळलेली काळ्या केसांची वेणी जागेवर नव्हती.

ती वेणी कसली, ते ऐका. दुल्माच्या आजेसासऱ्याचे घोडे जर्मनांशी लढायला रशियनांनी नेले. कळपातले सगळ्यांत चांगले. जनावर घरातून जाताना त्याचे चार केस ठेवून घ्यायचे, ही आपली रीत. त्याची बरकत घरात राहते, आणि जनावराची घरची वाट मोडत नाही. आजेसासूनं एकेका घोड्याच्या शेपटीचे केस ठेवून घेतले, त्यांची वेणी घातली. घोडे आगगाडीत, फौजेच्या ओटच्या पोत्यांशेजारी, चढले ते चढले. वेणी सासूकडे आली, सासूकडून दुल्माकडे.

तिनं पोराला फोन लावला.

"गाल्ब्या, वेणी कुठाय?"

"आई, ओरडू नकोस. बान्झारकाकांना लढाईच्या काळ्या झेंड्याला, भाल्यावरच्या झुपक्याला, केस कमी पडत होते. म्हणाले, जुने केस असले तर अस्सल वाटतं. उद्या शेवटचा खेळ आहे."

"तुझ्या बान्झारकाकाच्या डोक्यावरचे उपटायचे होते की!"

"त्यांना टक्कल आहे, आई."

तिनं फोन आपटला आणि बाहेर आली. तोंडाशी आलेली शिवी तिथंच राहिली. तिचे घोडे रोज रात्री चरत पांगायचे. आज दोन-दोनाच्या रांगेत उभे होते. खांद्याला खांदा. तोंडं पश्चिमेला. एकही कान हलत नव्हता.

तिनं आपल्या लाडक्या पिंगट घोड्याच्या मानेवर थाप मारली. हाका मारल्या, दाव्यानं ओढलं. तो पाऊलभर सरला नाही. अंग बर्फासारखं गार. मग ती समजली. केस घरात असले तर घोडा घरचा. केस लढाईच्या झेंड्याला लागले तर घोडा फौजेचा. मेलेल्यांना बोलावणं गेलं होतं, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या रक्ताचा हा कळपही रांगेत लागला होता. सकाळी झेंडा उभा राहिला की अख्खा कळप चालायला लागणार. पूर्वीचे घोडे गेले तसाच. तिच्याकडे या कळपाशिवाय होतं काय?

घोडा हलेना, म्हणून तिनं नवऱ्याची जुनी मोटारसायकल काढली.

कॅम्पात बान्झार चिलखत घालून दारू पीत होता. पोटावरचे बंद सुटलेले.

"या ताई, या! बघा झेंडा. याच्याखाली आपल्या पूर्वजांनी अर्धं जग जिंकलं."

"मग आहे कुठे ते अर्धं जग? तुझ्या तुमानीत?"

"इतिहासाची थोडी तरी..."

"तुझा इतिहास गेला चुलीत. घोडा एकदा तरी स्वतःच्या हातानं चारलायस का? तो मरतो तेव्हा कसा आवाज करतो, ऐकलायस?" कमरेची सुरी काढून ती झेंड्याकडे गेली. बान्झार आडवा आला. तिनं सुरी खाली केली नाही. तो बाजूला झाला. खानाचा सेनापती, आणि एका बाईपुढं बाजूला झाला. तिनं वेणी कापून काढली आणि छातीशी, कोटाच्या आत ठेवली. गाल्बा दारात मान खाली घालून उभा होता. "तू सकाळी घरी ये, मग बोलू," एवढंच म्हणाली.

परत निघाली तेव्हा रस्त्यावर काळोख. खिंडीपर्यंत काही नाही.

खिंडीच्या वर तिला टापा ऐकू आल्या.

वाटलं, इंजिनच खडखडतंय. तिनं ते बंद केलं.

टापा थांबल्या.

वारासुद्धा पडला होता.

तिनं पुन्हा किक मारली. गाडी सुरू झाली. टापाही सुरू झाल्या. सावकाश. पुष्कळ. डांबरावर लोखंड आपटल्यासारख्या.

मागे वळायचं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण आरशात नजर गेली. रस्ता रिकामा होता. रस्त्याकडेच्या खांबांवरच्या चकचकीत पट्ट्या गाडीच्या मागच्या दिव्यात लाल चमकत होत्या.

मग शेवटची विझली.

तिच्या अलीकडची विझली.

तिच्याही अलीकडची...

"मग?" ओत्गोनं विचारलं. त्याचा चहा गार झाला होता. चोइजिलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

टापा होत्या. श्वास नव्हता. इतके घोडे, आणि एक फुरफुर नाही. मानेवर थंडी आली. मागून कुणी तरी नाक अगदी जवळ आणावं, तशी.

दुल्मानं गाडी थांबवली. बाई माझी बहीण आहे. समोर बघूनच बोलली.

"खुराय... खुराय..."

बरकत घरी बोलावताना आपण म्हणतो ना, तसं. हात गोल फिरवत.

"ऐका रे. झेंडा संपला. कापून आलेय मी. ज्यांनी तुम्हाला नेलं ते सगळे मेले. ज्यांच्यासाठी नेलं तेही मेले. कुणी तुमची नावं लिहून ठेवली नाहीत. कसली फौज अन् कसलं काय... सुटी झाली तुमची. चला घरी."

काही नाही.

कितीतरी वेळ... काही नाही.

मग अगदी कानाजवळ चामडं करकरलं. जिनाचा पट्टा सैल केल्यावर करकरतं, तसं.

ती निघाली. गाडी चालवली घोड्याच्या चालीनं. मागच्यांनी तीच चाल धरली.

घराशी तिचे घोडे तसेच रांगेत. ती आत गेली, दिवा लावला नाही. चाचपडत दोर धरला आणि वेणी गुंडाळली. गाठ मारली. दुसरी मारली.

बाहेर टापा गेरभोवती फिरल्या. एक फेरा. पुन्हा एक. नमद्याच्या भिंतीला काहीतरी घासत गेलं.

मग थांबल्या.

दाराशी.

दुल्मा दोर धरून बसली. बाहेर एक टाप वाजली नाही.

...

उजाडलं. तिनं दार ढकललं. घोडे माळभर पांगलेले होते, चरत होते. पिंगट्यानं मान वर केली आणि फुरफुरला. तिनं एकेक करून सगळे बघितले. सगळे होते. तिथंच उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली.

तेवढ्यात गाल्बा आला, मान खाली घालून. "आई, चुकलो," म्हणाला. मग त्याचा पाय अडखळला.

दारासमोर लीद पडली होती. ताजी. वाफ निघत होती.

"घोडे रात्री दाराशी आणले होतेस?"

"नाही."

तिनं बुटाच्या टोकानं लीद फोडली. गवत नव्हतं. आमची जनावरं जन्मभर गवतावर जगतात. शंभर कोसांत खुराकाचं पोतं कुणाच्या घरी सापडायचं नाही.

ती लीद ओटच्या टरफलांनी भरलेली होती.