मागची डावी बाजू

जुनी गाडी घ्यायची तर पितृपक्षात घ्यावी, असं योगेंद्रचं ठाम मत होतं. त्या दिवसांत कुणी नवी वस्तू घरात आणत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, विकणारा कंटाळलेला असतो आणि भाव आपोआप खाली येतो. लोधिवलीतच काय, चौकपासून खालापूरपर्यंत कुणाला जुनी गाडी बघायची झाली की आधी योगेंद्रला फोन जायचा. कंपनीतली नोकरी सांभाळून तो हे काम फुकट करायचा, वर चहाही स्वतःच पाजायचा. लोकांना गाडीचा रंग दिसतो, आमच्या ह्यांना गाडीची कुंडली दिसते, असं त्याची बायको समिधा म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यानं कधी विचारलं नाही.

यंदा मात्र गाडी स्वतःच्याच घरी हवी होती, आईसाठी. गौराबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पनवेलला न्यावं लागे. रिक्षात गचके बसत. भाड्याच्या छोट्या गाडीत शिरताना इतकं वाकावं लागे की म्हातारी घामाघूम होई. मध्ये एकदा वाहन मिळालं नाही म्हणून फेरी चुकली, तर तोंड सुजलं, श्वास लागला, आणि डॉक्टरांनी योगेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. तेव्हापासून उंचीला बेताची, मागं ऐसपैस, अशी एसयूव्ही तो शोधत होता. समिधा म्हणाली, घटस्थापनेपर्यंत तरी थांबा. तो म्हणाला, आजार थांबतोय का?

गाडी सापडली ती भिवपुरीजवळ, सहदेव नावाच्या निवृत्त गृहस्थांकडं. योगेंद्र आईला आणि चौकला गॅरेज असलेल्या सुनीलला घेऊन सुनीलच्या गाडीनं तिकडं गेला. आई हवीच होती, कारण गाडी कशीही असली तरी तिला चढता-उतरता आलं नाही तर सगळं मुसळ केरात.

आपण येण्याआधी गाडी सुरू करू नका, असं त्यानं सहदेवरावांना फोनवरच बजावलं होतं. गरम इंजिन अर्धे रोग लपवतं. पोचल्या पोचल्या त्यानं बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. मग एकेक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. रेघ नव्हती. स्टेपनीखाली गंज नव्हता, दारांची रबरं मूळची होती, धूर पांढरा नव्हता, काळाही नव्हता. अपघात झालाय का, विम्याचा दावा केलाय का, कर्ज बाकी आहे का, सगळं विचारून झालं. सहदेवरावांनी शांतपणे नाही नाही म्हणून सांगितलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता. विचारलं तेवढ्याचं उत्तर देणारा होता.

खोट एकच निघाली. सपाट अंगणात उभी असूनही गाडी मागच्या डाव्या बाजूनं बोटभर बसलेली होती, आत कुणी बसल्यावर बसते तशी. सुनीलनं खाली शिरून पाहिलं, चाकांतली हवा मोजली. स्प्रिंगा दोन्हीकडच्या नव्याकोऱ्या.

"स्प्रिंगला खोट नाय," तो उठत म्हणाला. "पण वजन पेलतीय ती."

"कसलं वजन? गाडी तर रिकामी हाय."

सुनीलनं खांदे उडवले. सहदेवराव म्हणाले, स्प्रिंगा दोनदा बदलून झाल्या, ते तसंच राहतं. योगेंद्रला मनातून आनंदच झाला, कारण असली किरकोळ खोट म्हणजे भाव पाडायला हक्काचं कारण. सहदेवरावांनी घासाघीस केलीच नाही. एवढी चांगली गाडी आणि एवढा सरळ व्यवहार, त्याला खरं तर तिथंच थबकायला हवं होतं. पण गौराबाई उजव्या दारानं न वाकता, न धापा टाकता आत जाऊन बसल्या आणि हसल्या. कित्येक महिन्यांत आई अशी हसली नव्हती. त्यापुढं तो कशाला थबकतोय?

निघताना सहदेवरावांनी मागचं डावं दार उघडलं. काही बोलायचं असावं तसे ते दाराशी वाकून उभे राहिले, ओठ हलले, आणि मग त्यांनी दार हळूच लावलं.

दुपारची वेळ होती. सुनील पुढं निघून गेला होता. कर्जत मागं पडलं आणि चौकच्या रस्त्याला लागल्यावर योगेंद्र कान देऊन गाडी ऐकू लागला. इंजिन गोड होतं. आवाज येत होता तो आईचा, हलक्या सुरात, मध्येच थांबून हुंकार देत. बहिणीचा फोन आला असेल असं त्याला वाटलं. पण गाडीत वास सुटला होता, ओल्या केसांना लावलेल्या शिकेकाईचा. काचा खाली केल्या तरी तो जाईना.

घरी समिधा भाकरतुकडा घेऊन उभीच होती. पितृपक्ष असला तरी गाडी ओवाळल्याशिवाय ती आत घेणार नव्हती. गौराबाई उतरल्या, मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि त्यांनी ते दार उघडलं.

"या ओ, घरात या," त्या आतल्या रिकाम्या सीटला म्हणाल्या. "दारातनं कशाला मागं फिरता? चा घेऊन जा."

कट्, असा आवाज झाला. गाडीची डावी बाजू सावकाश वर आली आणि उजवीच्या पातळीत स्थिर झाली.

योगेंद्र मागं जाऊन बघत राहिला. त्याच्या डोक्यात आलेला पहिला विचार असा होता की स्प्रिंगजवळचा अडकलेला रबरी बुश सुटला असणार, आता गाडी एकदम परफेक्ट. इतकं वेड त्या माणसाला गाड्यांचं. मग त्यानं समिधाकडं पाहिलं. तिच्या हातातली भाकर खाली पडली होती आणि ती आईंच्या मागून पायरी चढणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी तशी भिंतीला चिकटली होती. तिला दिसलं काहीच नव्हतं. फक्त शिकेकाईचा वास तिच्या अंगावरून आत गेला होता.

गौराबाईंनी चहाचे दोन कप मागितले. रक्तातली घाण वाढली की म्हातारी माणसं असं भरकटतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, आणि दोघांनी त्याचाच आधार घेतला. योगेंद्र आईजवळ बसला. कोण आलंय, असं त्यानं लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"माधवी. त्या गाडीवाल्या भाऊंची बायको," गौराबाई म्हणाल्या. "दवाखान्यात नेताना पनवेलच्या अलीकडंच गेली बिचारी. त्यांनी तिथनंच गाडी मागं फिरवली. वाटेत तिला सांगत आले, चौक आलं, कर्जत आलं, आता घर आलं. गेलेल्या माणसाची वाट चुकू नये म्हणून सांगतात ना, तसं. पण उतर काय म्हणालेच नाय. बाईमाणूस, न बोलवता कशी उतरेल रं?"

आईला हे कुणी सांगितलं असेल? भिवपुरीत ती सहदेवरावांशी चार शब्दही बोलली नव्हती. योगेंद्र अंगणात गेला आणि त्यानं फोन लावला. तो आता कबूल करतो की तेव्हा त्याला भीती वाटली होती, चांगलीच. घडलं ते सगळं त्यानं सहदेवरावांना सांगितलं.

"उतरली?" त्यांनी विचारलं. "माझ्या तोंडातनं तो शब्द निघालाच नाय ओ... उतर म्हटलं असतं तर मग पुढं स्मशानात न्यायलाच लागली असती."

"पण आता आमी काय करायचं?"

"तिला जा म्हणू नका. ती वाईट नाय. फक्त... तिला एकटीला राहवत नाय."

गाडी परत घ्या, असं योगेंद्र म्हणाला. सहदेवराव म्हणाले, घेतो की, पण आता ती गाडीत कुठं आहे?

ती रात्र घरात तशी शांत गेली. सकाळी डायलिसिसची पाळी होती आणि ती चुकवणं म्हणजे काय, हे योगेंद्रला ठाऊक होतं. त्यानं सुनीलची गाडी मागितली, ती बाहेरगावी गेलेली. भाड्याची गाडी वेळेत मिळेना. आत गौराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. दवाखान्यात जायला हे कशाला, असं समिधानं विचारलं.

"मला जायचंय गं तिच्याकडं. एवढा पाहुणचार घेतला, आता तुमी आमच्याकडं या म्हणाली. नाय कसं म्हणू?"

"मग तू काय म्हणालीस?" योगेंद्रनं विचारलं.

"येते म्हटलं."

त्यानं पुढं वाद घातला नाही. आईला मागं बसवायचं नाही एवढं ठरवून त्यानं तिला पुढं आपल्या शेजारी बसवलं, बेल्ट लावला आणि मागची दारं कुलूपबंद केली. समिधाला घरी थांबायला सांगितलं. पनवेलपर्यंत त्यानं आरशात पाहिलं नाही. आईनं उजवा हात दोन सीटांच्या मधून मागं नेला होता. तो पुढं घे, असं त्यानं दोनदा सांगितलं, तर ती नुसती हसली. बोटं मिटलेली होती.

तरी ते वेळेत पोचले. पलंगावर आडवं करून सुई लावायला नर्सनं आईचा उजवा हात हातात घेतला. मूठ सुटेना. तिनं गोंजारत एकेक बोट उघडलं आणि हसून योगेंद्रकडं पाहिलं.

"काय हो काका, पितृपक्षात कुणाच्या घरचं लग्न काढलंत?"

आईच्या तळहातावर कुंकू लावलेल्या तांदळाच्या अक्षता होत्या, आमंत्रणाला देतात तशा. कुंकू अजून ओलं होतं.