अर्थिंगचा खड्डा

दोष चिंतामणी मास्तरांचा. अर्थिंगची तार त्यांनी तोडली. स्वतःच्या हातानं, कोयत्यानं, आणि पोटचा मुलगा आत हेडफोन लावून बसलाय हे खिडकीतून दिसत असताना तोडली. गावात आजही हे कोणी त्यांच्या तोंडावर बोलत नाही. मास्तरांनी अर्ध्या गावाला शिकवलंय म्हणे. शिकवलं असेल. लाईट यायला अजून तासभर आहे, तोवर ऐका. ज्याच्यावर गुदरली त्यानंच सांगितलेली गोष्ट आहे, पदरचं एक अक्षर नाही.

साल २००३. रत्नागिरीपासून नऊ-दहा किलोमीटरवर, कातळावर मास्तरांचं घर. गावाचं नाव कशाला हवंय. शार्दूल त्यांचा एकुलता एक, वय बावीस, डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडून घरी बसलेला. बसलेला हा मास्तरांचा शब्द. प्रत्यक्षात त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला होता, जुने सुटे भाग जमवून सेट बांधला होता. आपल्या खोलीत बसायचं, आपल्या तारेवरून शंभर-दोनशे कोसांवरच्या माणसाशी बोलायचं, मध्ये कोणी नाही. घरामागं तीस फुटी लोखंडी पाइप उभा केला, तीन बाजूंनी ताण दिले, शेंड्यावरून तांब्याची तार दोन्हीकडं उतरवली. सगळं एकट्यानं. मास्तर पडवीत झोपाळ्यावर बसून बघायचे आणि रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला विचारायचे, "काय, झाली का आकाशवाणी?"

नाही व्हायची. सेट चालू केला की नुसती घरघर. माणसांचे आवाज त्या घरघरीच्या पलीकडं, जाड गोधडीखालून कोणी बोलावं तसे. कारण एकच, अर्थिंग नाही. टॉवरला आणि सेटला जमिनीत पक्की जागा लागते. तांब्याची प्लेट खोल पुरायची, भोवती कोळसा नि खडेमीठ भरायचं, ओल धरून ठेवायची. मग वरची घाण खाली जाते, आणि कधी वीज पडलीच तर तीही खाली जाते. पण कातळात खाली जाणार कशी? शार्दूलनं सहा खड्डे मारून बघितले. पहार टाकली की ठण्णकन उडून हातात झिणझिण्या. दीड फुटावर जांभा दगड, दोन फुटांवर जांभा, जिकडं तिकडं जांभा. दर खड्ड्यात तार टाकून तो शंभराचा बल्ब लावून बघायचा. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब भक्क पेटतो. त्याचा बल्ब काजव्यासारखा लाल व्हायचा आणि तसाच राहायचा. सहा वेळा.

वर मास्तरांची मुदत. दिवाळीपर्यंत त्या डबड्यावर एका माणसाशी तरी बोलून दाखव, नाहीतर टॉवर भंगारात आणि तू लोट्याला कंपनीत, सकाळी सहाच्या बसनं. दिवाळी पंचवीस ऑक्टोबरला. शार्दूलला बाकी काही नको होतं. एक माणूस. एकदा त्याच्याशी नीट बोलणं. बावीस वर्षांत त्या घरात त्याचं वाक्य कोणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता तो रत्नागिरीत जाऊन मिठाचं पोतं नि कोळसा घेऊन आला. पोतं गोठ्यामागं टेकवलं, घाम पुसला आणि हातातल्या पहारेवर नुसता भार दिला. पहार आत गेली. लोण्यात जावी तशी. वीतभर, हातभर, दोन हात. त्यानं ती उपसली तर टोकाला ओली पिवळी माती. अख्ख्या आवारात एवढीच जागा होती, सात-आठ फूट रुंद, गोल.

मास्तर तिथवर चालत आले. एरवी ते गोठ्यामागं फिरकत नसत.

"इथं खणायचं नाही," ते म्हणाले.

"का?"

"नाही म्हटलं ना."

झालं. कारण नाही, काही नाही. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारून छडी मारणारा माणूस, पण त्याला कोणी प्रश्न विचारला की त्याचा अपमान. शार्दूलनं तेव्हा पहार उचलली आणि परत फिरला. पुढच्या आठवड्यात मास्तर सत्कार घ्यायला देवरूखला गेले, दोन दिवस राहिले. शाल, श्रीफळ आणि भाषणं. तेवढ्यात त्यानं सहा फूट खोल गाठलं. प्लेट घातली, कोळसा-मीठ भरलं, धुमसानं माती ठोकून बसवली, तार टॉवरला जोडून खिडकीतून खोलीत घेतली. बल्ब लावला.

बल्ब भक्कन पेटला. शार्दूल एकटाच हसला.

सोमवारी, तेरा तारखेला, रात्री आठच्या सुमाराला त्यानं सेट लावला. घरघर पार गेली होती. स्वच्छ, धुतल्यासारखं. त्यानं आपलं सांकेतिक नाव पुकारलं, थांबला, पुन्हा पुकारलं. आणि सांगलीच्या एका वयस्कर गृहस्थानं उत्तर दिलं. अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज. नाव, गाव, हवा कशी, सेट कुठला... दोन मिनिटं झाली असतील.

मग तो गृहस्थ म्हणाला, "तुमच्याकडं रात्री दगड कोण फोडतंय हो? मागून ठोकल्याचा आवाज येतोय."

शार्दूलनं कान दिला. येत होता. सेटमधूनच. ठण्. ठण्. ठण्. मग थोडं थांबून पुन्हा ठण्, ठण्, ठण्. सांगलीकर दोनदा म्हणाले, अहो ते थांबवा आधी, मला तुमचं ऐकू येईना. मग कंटाळून निघून गेले. एक माणूस मिळाला होता, तोही गेला.

सेटचा दोष असणार म्हणून त्यानं दोन दिवस सगळं सोडवून जोडलं. सोल्डरचे डाग नव्यानं दिले, केबल बदलली. शेवटी वैतागून अर्थिंगची तार सेटवरून काढली. ठोकणं बंद. घरघर सुरू. तार लावली. घरघर बंद, ठोकणं सुरू. बसा आता. एकतर घरघर ऐका, नाहीतर हे. आणि हे काय आहे ते त्याच्या हातांना कळलं होतं, डोक्याला कळायच्या आधी. महिनाभर त्यानं तेच केलं होतं. तीन घाव घालायचे, मग ढपला उचकटायला लागतो तेवढा वेळ थांबायचं.

कोणीतरी खणत होतं.

बुधवारी जेवताना त्यानं सरळ विचारलं, गोठ्यामागं काय होतं. आई, लीलाबाई, वाढता वाढता थांबल्या आणि पळी घेऊन आत गेल्या. मास्तरांनी भात कालवला.

"विहीर होती. बुजवली."

"का?"

"पाणी लागलं नाही."

"मग माती ओली कशी?"

मास्तर जेवत राहिले. आमटी संपली, ताक संपलं.

गुरुवार. सोळा ऑक्टोबर. दिवसभर उकडत होतं. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला ढग चढले आणि त्यांच्या पोटात विजा हलायला लागल्या, अजून आवाज नव्हता. परतीचा पाऊस. अशा वेळी टॉवरची केबल सेटपासून काढून बाहेर टाकायची, हा पहिला नियम. शार्दूलला तो पाठ होता. साडेसातला त्यानं केबल काढायच्या आधी एकदाच सेट लावून बघितला. हेडफोन नव्हता लावलेला, स्पीकर चालू होता.

ठण्. ठण्. ठण्.

दारात सखूबाय उभी होती. सखूबाय म्हणजे त्यांच्याकडं भांडी-गोठा करणारी बाई. नवरा काशीराम विहिरी खणायचा. तो १९८४ च्या वैशाखात मुंबईला गेला तो गेलाच. पत्र नाही, मनीऑर्डर नाही. आपल्याकडं हे चालतं. माणूस दिसेनासा झाला की मुंबईला गेला म्हणायचं, मग कोणी पुढं विचारत नाही. तिलाही सकाळी उठल्यावर मास्तरांनीच सांगितलं होतं, रात्रीच्या गाडीनं गेला तो. मास्तरांनी सांगितलं म्हणजे खरंच. एकोणीस वर्षं ती त्यांच्याच घरी राबत होती.

ती घरी निघाली होती. डोक्यावर इरलं, हातात भाताचा डबा. आवाज ऐकून थांबली.

ठण्. ठण्. ठण्.

"ह्यो आवाज कुठनं येतो रं, बाला?"

"जमिनीतून," शार्दूल म्हणाला. त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती ऐकत राहिली. डबा हळूच खाली ठेवला.

"आमच्या घरच्यांचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "तीन मारून थांबायचं. दमा होता ना त्यांना."

तिच्यामागं माजघरात मास्तर उभे होते. त्यांनी ऐकलं. शार्दूलनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याला सगळं समजलं. तेवढ्यावरच समजलं. मास्तरांचा चेहरा फळ्यासारखा कोरा होता. वर्गात काहीतरी चोरीला जावं आणि चोर सापडू नये तसा नव्हे. चोर सापडलाय आणि तो आपणच आहोत, तसा.

"अण्णा," तो म्हणाला, "वर काढायचा प्रयत्न तरी केला होता?"

आतून लीलाबाईंचा आवाज आला. भिंतीशी बोलावं तसा.

"तिन्हीसांजेला ढासळली. जांभ्याखालची माती बसली. हाका येत होत्या. ह्यांनी सकाळी मातीच्या गाड्या आणल्या."

सखूबाय हलली नाही.

मास्तर वळले आणि मागच्या दारानं बाहेर गेले. जाताना कोनाड्यातला कोयता घेतला.

शार्दूलनं हेडफोन खोचला. स्पीकर बंद पडावा म्हणून. तिला आणखी ऐकायला लागू नये म्हणून. पण स्वतः उजव्या कानाला लावला, कारण सोडवत नव्हतं. खिडकीतून बॅटरीचा उजेड दिसला. मास्तर तारेपाशी वाकले. एकदा वर बघितलं. दोघांची नजर भिडली. मग कोयता खाली आला.

तार तुटली. घरघर सुरू झाली. आता ठोकणं बंद व्हायला हवं होतं. प्रत्येक वेळी झालं होतं.

झालं नाही.

घरघरीच्या खालून... ठण्. आधीपेक्षा जवळून. ठण्. ठण्.

मग थांबलं.

बाहेर वारा पडला. समुद्रावरची वीज अजून मुकीच होती. त्याचा हात केबलकडं गेला. काढायला हवी होती. एक आटा फिरवायचा, बस. पण तो ऐकत होता. खणण्याचा आवाज नव्हता आता तो. मातीवर नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर होता. खालून.

ठण्.

...

ठण्.

तो तिसऱ्याची वाट बघत राहिला. तिसरा येईना. श्वास धरून ठेवल्यासारखी शांतता. घरघरसुद्धा गेली. खिडकीबाहेर मास्तर तसेच वाकलेले. सखूबाय दारात. कोणीच काही...

तिसरा आला तेव्हा सगळं पांढरं झालं.

वीज टॉवरवर पडली. खाली जायला वाट नव्हती, ती मास्तरांनी तोडली होती. म्हणून ती घरात आली. शार्दूल शुद्धीवर आला तेव्हा सेटमधून धूर येत होता, खोलीत जळक्या केसांचा वास होता, आणि आईचं तोंड हलत होतं पण आवाज येत नव्हता. मास्तर अंगणात चिखलात बसले होते. त्यांना काही झालं नव्हतं. अशांना काही होत नाही.

सकाळी दवाखान्यात न्यायच्या आधी शार्दूल भिंत धरत गोठ्यामागं गेला. सखूबाय आधीच तिथं होती. खड्ड्यावरची माती धुमसानं ठोकून बसवली होती तशीच होती. भेग नाही, उकर नाही, पावसानं फक्त चकाकी आलेली. आणि त्या मातीवर, मधोमध, तांब्याची प्लेट ठेवलेली होती. सहा फूट खालची. कोळशाचा चुरा अजून तिला चिकटलेला. पालथी करून बघितली तर खालच्या अंगाला तीन पोचे. पहारेच्या टोकाएवढे. तिसरा आरपार.

सखूबायनं त्या तिसऱ्या भोकात बोट घातलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग दोन्ही हात गोठ्याच्या चिऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या आणि चालू लागली. रडली नाही. त्या घरात ती परत आली नाही.

आठवडाभरात मास्तरांनी तिथं सिमेंटचा कोबा घातला. शार्दूल पोलिसांत जाऊन सांगून आला, तर गावातले चार जाणते घरी येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, विजेचा धक्का डोक्याला लागतो कधी कधी, पोरगं भ्रमलंय. मास्तरांनी मान हलवली.

डॉक्टर म्हणाले होते, नुसता पडदा नाही, आतली नस जळलीय. शार्दूलचा उजवा कान गेला. त्या कानानं त्याला काहीही ऐकू येत नाही.