पानं येईपर्यंत

फूल थेट जमिनीतून आलं होतं. पान नाही, फांदी नाही. दिघीच्या बसथांब्यामागच्या उघड्या मातीवर; वर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली दोन जांभळ्या. चाकणला कंपनीत नेणारी माझी बस यायला सात मिनिटं होती. मी कुंपणाची तार उचलून आत वाकले.

"मॅडम, काय हरवलं का?"

हातात पाण्याचा पाइप घेतलेला, माझ्याच वयाचा माणूस. जागा त्याची, नाव रोहिदास.

"हे कसलं फूल?"

"दर उन्हाळ्यात येतं. नाव न्हाई ठावं. तुमचा मोबाइल काय म्हनतो?"

"केशर."

"दिघीत?" तो खळखळून हसला. "मंग आता तुमीच शोधा."

मी कंपनीच्या प्रयोगशाळेत रंग तपासते. न ओळखलेला नमुना मला स्वस्थ बसू देत नाही. शिवाय ते मला माझ्या गच्चीतल्या बागेत हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते फूल सुकलं, शेजारी नवं उमललं. मी वास घेतला, वहीत चित्र काढलं. मग घरातून दहा मिनिटं आधी निघू लागले... मग वीस. मी वाकले की माझ्या चपलांवर पाणी उडू नये म्हणून तो पाइप दुमडून धरायचा.

"लागला का निकाल?"

"पानं आल्याशिवाय खात्रीनं नाही सांगता येणार. तोवर हलवू नका. मग थोडं माझ्या गच्चीत नेईन."

"महिना लागंल."

"लागू दे ना."

"लागू द्या की. आमाला कुठं घाई हाय?"

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, थांब्यावर त्याची आत्या अंबूबाई उभी होती.

"फुलवाली मॅडम तुमीच व्हय? इथं ट्रक लावायचं ठरलंय. सोमवारपर्यंत जमिनीवर ब्लॉक न्हाई बसलं, तर भाडेकरू दुसरीकडं जानार. आन् हा म्हनतो, पानं येऊ द्या! खुळं झालंय पोरगं."

त्या दिवशी एकच नमुना मी तीनदा तपासला. वही पिशवीत होती, आणि तिच्यात तिसऱ्याच दिवशी लिहिलेलं नाव होतं— भुईचाफा. आधी फूल, मग पान. कंद कुंडीतही जगतो. त्यापुढच्या प्रत्येक पानावर मात्र मी लिहिलं होतं, 'ओळख पटली नाही'. सहा वर्षांच्या नोकरीत माझी एकही नोंद खोटी नाही. आता खरं सांगितलं, की कुंपणाशी थांबायचं कारण संपणार होतं.

संध्याकाळी बसमधून उतरून सरळ आत गेले.

"भुईचाफा आहे. कंद काढा, उद्या ब्लॉक बसवा. मला... तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

त्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. माझ्या चपला भिजल्या.

"मंग एवढं दिवस कशाला—"

"तुम्ही पाइप दुमडून धरता ना... तेवढ्यासाठी."

माझे कान तापले. तो नळ बंद करून कुदळ घेऊन आला आणि बोटांनी माती सोडवत कंद काढले. अर्धे बादलीत, अर्धे माझ्या रिकाम्या डब्यात.

"तुमच्यात पानं आदी येत्यात का माझ्यात, कसं कळायचं?"

"रोज बघावं लागेल."

"कितव्या मजल्यावर हाय गच्ची?"

"चौथ्या. ती समोरची इमारत. लिफ्ट नाही."

त्यानं मान वर करून माझ्या इमारतीच्या दिशेनं पाहिलं, मग हातातल्या पाइपाकडे.

"पुरंल का हो हा?"